शंभर टक्के अल्हम्दुलिल्लाह

हाजीशेठनी माझ्या खालूंच्या पलंगाशी उभं राहून आपली चूक कबूल केली. ऑफिसच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलं नाही. मी ऑफिसचा पगार खातो, तेव्हा नाहीच घडलं. पुढे वाचताना हे विसरून जावं.

हाजीशेठ आमचे मालक. लोकांना हजला नेतात आणि परत आणतात. मधल्या भागाबद्दल फार बोलत नाहीत. माझं काम परतलेल्या हाजींना फोन करून विचारायचं, "आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एवढी इबादत करून आलेला माणूस कुरकुर करून त्यावर पाणी कशाला फिरवेल? सगळे म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह." एकाची बॅग भलत्याच देशात गेली होती. तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह, अंगावरचे कपडे तरी माझेच होते." शेठ म्हणाले, "समाधानी. पुढचा." म्हणूनच आमच्या पाटीवर 'शंभर टक्के समाधान' असं लिहिलंय.

यंदाच्या जथ्यात माझी खाला, म्हणजे मावशी, आणि तिचा नवरा, म्हणजे खालू, होते. मी त्यांच्याकडेच राहतो, पण नियम म्हणजे नियम. मी माझ्या खोलीतून खालाला फोन लावला.

"अस्सलामु अलैकुम. मी टूरच्या ऑफिसमधून बोलतोय."

"माहितीये. भिंतीतूनही ऐकू येतोयस."

"आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"म्हणजे समाधानी."

"थांब, दिवट्या. शुक्र मानला तो अल्लाहचा, तुझ्या शेठचा नाही. शेठला म्हणावं, घरी या."

झालं होतं असं. खालूंचे गुडघे कामातून गेलेले. शेठनी चाकांची खुर्ची कबूल केली होती. ती आलीच नाही. खोली सहाव्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती मशिदीत एतकाफला बसल्यासारखी जागची हलत नव्हती. हजचं फर्ज, म्हणजे सक्तीचे विधी, तेवढं पार पडलं, तेही एका अनोळखी हाजीने आपल्या वडिलांची खुर्ची आळीपाळीने वापरू दिली म्हणून. बाकीचे सगळे दिवस खालू खोलीत. कानावर मक्केच्या हरमशरीफची अजान आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. खुर्चीचं विचारलं की शेठ आभाळाकडे बोट करायचे, "चाचा, ज्याचं जितकं बोलावणं." बस उशिरा आली तरी हेच, भात कच्चा राहिला तरी हेच. हजमध्ये भांडण मना, म्हणून खाला दातावर दात रोवून गप्प राहिली.

खालूंनी मात्र ते मनाला लावून घेतलं. परत आल्यापासून कुणी "हाजीसाहेब" अशी हाक मारली की ते मागे वळून बघतात, कोण आलंय म्हणून. ताटात अर्धं जेवण तसंच राहतं. "मला दारापर्यंत बोलावलं आणि आत घेतलं नाही," एवढंच म्हणतात.

खालाला दुसरं काही नको होतं. शेठनी यावं आणि खालूंच्या तोंडावर सांगावं, की बोलावणं पुरेपूर होतं, खुर्ची मी आणली नाही.

शेठना घाम फुटला. "एकदा कबूल केलं की शंभराचे नव्याण्णव होतात. पाटी नवी करावी लागेल!" त्यांनी नमाजासाठी नवी जानमाज देऊ केली. मग पुढच्या उमराहच्या यात्रेला सवलत. मग खालाचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर. "कुठल्या महिन्यात हवा ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला ऑफिसात येऊन सोफ्यावर बसली. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. तिने आवाजही चढवला नाही. तिने कौतुक सुरू केलं.

"खाला, सोय कशी होती हो?" एका नवराबायकोने विचारलं.

"अल्हम्दुलिल्लाह! सहा मजले चढून माझे पाय लोखंडाचे झालेत. हात लावून बघा."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट आहे ना. छान आहे. मी तिच्या दारासमोर चपला वाळत घालायची."

ते दोघं "घरी विचार करतो" म्हणून गेले. विचार अजून चालू असावा.

शेठनी रातोरात सोफा हलवला. खाला भिंतीला टेकून उभी राहिली. आलेली गिऱ्हाइकं खवळली, "हज करून आलेली हज्जन उभी आणि तुम्ही बसलेले? काही वाटतं का?" शेठना उठावं लागलं. मग खाला त्यांच्याच खुर्चीत बसली आणि फोनही घेऊ लागली. "हो हो, खुर्ची मिळते. थोडं मागे लागावं लागतं, पण मिळते. मी आत्ता त्यातच बसलेय."

आठवडा सरेपर्यंत शेठ उभे राहून राहून गुडघे चोळायला लागले होते. एका दुपारी मला म्हणाले, "चल तुझ्या घरी. आणि आपण गेलो नव्हतो."

खालू उशीला टेकून पडले होते. शेठनी घसा साफ केला. "चाचा, असं आहे, की ज्याचं जितकं..."

खाला खोकली.

"बोलावणं होतं, चाचा," शेठ जमिनीकडे बघत म्हणाले. "पूर्ण होतं. खुर्ची मी आणायची होती. भाडं वाचवलं."

खालूंनी उशीवरून मान उचलली. "म्हणजे त्यानं बोलावलं होतं?"

"हो."

"आणि मधे तुम्ही होतात?"

"...होतो."

खालू ताडकन उठून बसले. गुडघ्यांना कळायच्या आत उठले बहुतेक. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला, आणि फार शोभून दिसला. खालाने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही.

"माफ करा, चाचा," शेठ म्हणाले.

"माफीचं बघू. तुमच्या ऑफिसला अर्ज करतो, रीतसर." खालूंनी मला कागद घ्यायला लावला. "नाव घाल. आधी हाजी लिही, मग नाव. आता पुढे लिही."

मी लिहिलं:

"महोदय, सहाव्या मजल्यावर गेलेले माझे दिवस मी वापरलेले नाहीत. तरी ते सर्व दिवस, त्यातल्या प्रत्येक अजानसह, हरमशरीफच्या आवारात मला परत मिळावेत. त्याऐवजी रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही. योग्य ती कार्यवाही करून लेखी कळवावे, ही नम्र विनंती."