दादांनी जिवापाड जपलेला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणजे वयानं, वापरानं नव्हे. माझ्या अंगावरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा अजून कोणी सोललेला नाही. तुमच्या घरात इंटरनेट आणून सोडणारी, भिंतीवर मिणमिणणारी डबी असते ना, तिचा मी थोरला भाऊ. अख्खी इमारत सांभाळायची माझी ताकद, पण एक वर्ष सोडलं तर आयुष्य गेलं काचेच्या कपाटात. हसू नका, दुखतं मला.

मी जन्मलो तेव्हा आमच्या कंपनीला नव्या बाजारांत पाय रोवायचे होते. पण पैसा नेमका कुठल्या गावात ओतायचा? मोठ्या साहेबांनी शक्कल लढवली. गावागणिक एका दुकानदाराला एक राउटर फुकट द्यायचा, लोकांना वर्षभर वापरून बघू द्यायचा. जिथे वापर दिसेल तिथे कंपनी गुंतवणूक करणार, विक्री सुरू करणार आणि त्याच दुकानात दुरुस्ती केंद्र उघडणार. वापर किती झाला हे दुकानदाराला विचारायचं नाही, कारण तो स्वतःचीच लाल करणार! म्हणून आम्हा राउटरांनाच काम लावून दिलं होतं. रोज मध्यरात्री दिवसभराचा अहवाल गुपचूप मुख्य कचेरीत पाठवायचा. दुकानदारांना याचा पत्ताच नव्हता.

मी आलो दादांच्या दुकानात. दादा वायरी, दिवे, पंखे विकायचे. त्यांचा धाकटा भाऊ लांबच्या शहरात टेलिफोनच्या कचेरीत पक्क्या नोकरीवर होता. दोघं भाऊ कित्येक वर्षं एका ताटात जेवले नव्हते. दुरुस्ती केंद्राचं कळल्यावर दादांनी त्याला बोलावून घेतलं. "ये रे परत, दोघं मिळून चालवू," म्हणाले. तो नोकरी सोडून आला. दुकानाला लागून असलेली अडगळीची खोली दोघांनी रिकामी केली, रंगवली, लांबलचक टेबल ठोकलं. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या अंगावर भिंतीपेक्षा जास्त रंग आहे." तिघंही पोट धरून हसले. ते हसणं ऐकून मलाही फार बरं वाटलं.

आणि काम काय कमी होतं? समोरच्या शिवणकामवाल्या ताई माझ्या जोरावर गिऱ्हाइकांना नवे नमुने दाखवायच्या. कोपऱ्यावरचा औषधवाला दिवसातून चारदा डोकावून विचारायचा, "काय हो दादा, हे विकायला कधी येणार?"

"येणार हो, जरा दम धरा!" दादा म्हणायचे आणि कौतुकानं माझ्यावरून मऊ फडकं फिरवायचे.

पण संध्याकाळ झाली की माझी नजर दादांच्या हाताकडे लागायची. दुकान बंद करताना दादा न चुकता मेन स्विच खाली ओढायचे. आमच्या गावातली सगळी दुकानं तसंच करतात म्हणा. शिवाय दादांचं म्हणणं, "वस्तू दुसऱ्याची आहे, रात्री काही जळलं-बिळलं तर तोंड काय दाखवू?" धाकट्यालाही ते पटायचं. वीज गेली की माझी दिवसभराची आठवण पुसली जायची आणि मध्यरात्री मी आपला मुका, आंधळा पडून असायचो. अहो, एकदा विसरा की, असं रोज वाटायचं. पण दादा कसले विसरतात!

वर्ष सरलं. कंपनीचा साहेब आला तो दुकानाबाहेर लावलेली कंपनीची पाटी उतरवायलाच. "तुमच्या गावातून काहीच वापर दिसला नाही," तो म्हणाला. दादा चक्रावले. मग मला हातात घेऊन अभिमानानं म्हणाले, "असं कसं? बघा तरी, कसा नव्यासारखा ठेवलाय. रोज संध्याकाळी आठवणीनं बंद करतो मी."

साहेबाचा चेहरा खर्रकन उतरला. धाकट्याला बाजूच्या खोलीत नेऊन त्यानं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मला पेटीत भरण्यासाठी त्यानं काखेत धरलं होतं, म्हणून मीही ऐकलं.

"मग आता सांगा ना वरती!" धाकटा काकुळतीला आला.

"उशीर झाला. पैसा दुसऱ्या गावांत लागलाय."

धाकटा टेबलाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "दादाला हे कळू देऊ नका. तो जन्मभर स्वतःला खात बसेल."

साहेबानं मला तिथेच टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला.

जुनी नोकरी काही परत मिळणार नव्हती. आठवडाभरात धाकट्यानं कुठलीतरी लांबची नोकरी धरली. दादांना एवढंच म्हणाला, "या गावात काही राम नाही. मी चाललो."

"जा! अडचण आली की पाठ दाखवायची, एवढंच शिकलास," दादा कडाडले. त्यानं ऐकून घेतलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जेवून तरी जा." तो थांबला नाही.

मित्रांनो, एखाद्या ठिकाणाहून आवाज आला नाही म्हणून तिथे कोणी नाही, असं ठरवून टाकू नका. पाय उचला, जाऊन बघा, तोंडानं विचारा. हे तुम्हाला सांगून दादांचं काही भलं होणार नाही, ठाऊक आहे मला. ज्यांना सांगायला हवं त्यांच्यापुढे मला वाचा नाही.

परवा धाकट्याचा फोन आला होता. वहिनींनी तो दादांपुढे धरला. दादा पंख्याची पाती पुसत राहिले आणि म्हणाले, "सांग त्याला, या दुकानाच्या मालकाला भाऊ नाही."