नुसत्या टेकलेल्या कडा

मी शे-सव्वाशे ओळींची एक जुनी लायब्ररी आहे. मित्रांनो, माझ्यात पुस्तकं शोधू नका. दुसऱ्या प्रोग्रामांना आयत्या वापरता येतील अशा सूचनांच्या जुडीलाही लायब्ररीच म्हणतात. दोन आयत एकमेकांवर चढतात का, एवढंच मला कळतं. मी हो म्हणते किंवा नाही म्हणते. तिसरा शब्द मला येत नाही.

मला ताईनं लिहिलं, तिच्या सुतार बाबांसाठी. प्लायवूडच्या एका तक्त्यातून कपाटाची दारं आणि फळ्या कशा कापायच्या, म्हणजे कमी वाया जाईल, हे ते पेन्सिलीनं आखत बसत. ते काम मी करू लागले. शेजारच्या दोन फळ्यांच्या कडा टेकल्या, तरी मी "नाही" म्हणे. फळ्या तशाच तर कापतात! बाबा खूश.

"गुणाची आहे हो ही. तुझ्यासारखी उलट बोलत नाही," ते ताईला म्हणाले.

मग ताईनं मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. लोकांनी माझ्या प्रती नेल्या, कौतुक केलं. पुढे बाबा अंथरुणाला खिळले आणि ताईला माझ्याकडे बघायला सवड उरली नाही. त्याच दिवसांत कुणा अनोळखी माणसानं लिहिलं, "कडा टेकल्या तर ही 'नाही' म्हणते. माणसाजवळच्या यंत्रात हे महागात पडेल." ते पत्र सात महिने तसंच पडून राहिलं. मला ते उघडता येत नव्हतं.

माझी एक प्रत खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथे खोकी उचलणारा एक लोखंडी हात होता. कॅमेरा कामगाराभोवती एक आयत आखे, त्या हाताच्या वाटेभोवती दुसरा, आणि मला विचारलं जाई. मी "हो" म्हटलं की यंत्र जागच्या जागी थांबे.

एका दुपारी पॅकिंगच्या मावशी अडकलेलं खोकं सोडवायला वाकल्या. दोन्ही आयतांच्या कडा तंतोतंत टेकल्या. मी शिकवलेलंच बोलले. लोखंडी हात फिरला. पुढचा प्रश्न माझ्यापर्यंत येईतो मावशींची दोन बोटं गेली होती.

इंजिनिअरचा ताईला फोन आला. "मॅडम, तुमची लायब्ररी 'नाही' म्हणाली."

"अहो, ती फळ्यांसाठी लिहिली होती मी!"

"ते कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ताई दवाखान्यात गेली. पट्टी बांधलेला हात मांडीवर सांभाळत मावशी म्हणाल्या, "पोरी, तू मला ओळखत नव्हतीस, मी तुला ओळखत नव्हते. आता शिव्या तरी कुणाला घालू?"

घरी येऊन ताईनं ते जुनं पत्र उघडलं, मला सुधारलं आणि माझ्या माथ्यावर ठळक इशारा लिहिला. माझ्या नव्या प्रती तो घेऊनच बाहेर पडतात. जुन्या प्रती मात्र कुठल्या कुठल्या यंत्रांत बसल्या आहेत, हे तिलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, काही बनवून जगाच्या हाती दिलंत, तर ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे त्यावर लिहा. कुणी चूक दाखवली, तर वेळेवर वाचा. आणि माझी जुनी प्रत कुठे दिसली, तर तेवढी काढून टाका. माझं मला ते करता येत नाही.