आजोबांचे रबरी बूट

"पुरलेल्या माणसाची नखं वाढतात का हो काका?"

ऑर्सोलाने कबर खणणाऱ्या झुआनेला बेधडक विचारून टाकलं. मैत्रिणींनी पैजच लावली होती. व्हेनिसला जातेच आहेस, तर विचारून दाखव! परवापरवापर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज फुटत नसे. पण शाळेच्या नाटकात ती राणी झाली, आणि राण्या कुणाला भीत नाहीत.

"नाही गं बये," झुआने फावडं टेकवत म्हणाला. "माणूसच आक्रसतो. नखं होती तेवढीच राहतात."

आईने डोळे वटारले. बाबांनी घड्याळ पाहिलं.

स्मशानाचं बेट ते केवढंसं! बारा वर्षं झाली की मेलेल्यानेही जागा रिकामी करायची. आज आंजोलो आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, पाळी होती. हाडं पत्र्याच्या पेटीत भरायची, खाडीपलीकडे मेस्त्रेला, घराजवळच्या स्मशानात ठेवायची, संध्याकाळच्या आत परत. व्हेनिसशी उरलेला संबंध मग संपला.

शवपेटीचं झाकण निघालं. ऑर्सोला सगळ्यांच्या पुढे वाकली. कवटी, फासळ्या, सगळं चहाच्या रंगाचं. आणि खाली गुडघ्यापर्यंत हिरवे रबरी बूट. अगदी कालच दुकानातून आणल्यासारखे.

झुआनेने एक बूट उचलून पाहिला. तो जड होता.

"आत पाय अजून तसेच आहेत, कुजलेच नाहीत, बाई. रबरातून माती शिरत नाही. कुणी घातले हे?"

"मी," आई म्हणाली.

"लोरेदाना! अगं, मी काळे बूट काढून दिले होते ना?" बाबा म्हणाले.

"भरतीचं पाणी गावात चढत होतं त्या आठवड्यात. मी फोनवर माझ्या बाबांना घसा फोडून सांगत होते, बूट घाला, वर जा. दोन दिवसांनी दार फोडलं, तर खालच्या खोलीत पाण्यात पडलेले. अनवाणी. पाय नुसते पांढरेफटक."

आजोबा झोपेत गेले, असं ऑर्सोलाला आजवर सांगितलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"पुन्हा पुरावं लागेल, पाच वर्षं," झुआने म्हणाला. "बूट मी कापून काढतो. तेव्हा घरचं कुणी आलं नाही, तर हाडं थेट सगळ्यांच्या खड्ड्यात. कुणाचं नाव लिहू?"

"कुणाचं नको. परत कोण येतंय इथे?" बाबा म्हणाले. "खड्डा तर खड्डा."

आईने रिकामी पेटी पोटाशी धरली.

सुरी रबरात शिरली आणि असा वास आला की बाबा तोंड फिरवून दूर गेले. ऑर्सोलाच्या खिशात फोन थरथरला. 'विचारलंस का गं, भित्रे?' तिने तो बंद केला. दुसरा बूट निघेपर्यंत ती जागची हलली नाही.

मग म्हणाली, "आई, बाबा, ऐका. पाच वर्षांनी मी वीस वर्षांची असेन. नाव माझं लिहायचं. तुम्ही या, नाहीतर नका येऊ. मी येणार, आणि आजोबांना घरी घेऊन जाणार."