मालनबाईंनी मला बंद करू दिलं नाही

मी सुग्रीवच्या नारळाच्या दुकानातली हार्ड डिस्क बोलतेय. राजूरला गणपतीच्या दर्शनाला आलात, तर देवळाच्या वाटेवर उजव्या हाताला हे दुकान लागतं. वर चार कॅमेरे, आत फळीवर एक काळा डबा, आणि त्या डब्यात मी. कॅमेऱ्यांना जे दिसतं, ऐकू येतं, ते सगळं मी लिहून घेते.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. चंदेरी पिशवीतून जुन्या जालन्यातल्या एका दुकानात आले आणि तिथून सुग्रीवच्या मोटारसायकलवर, नारळांच्या मधे बसून इथं. जत्रेत त्याची दोन पोती कुणी तरी लंपास केली होती, म्हणून हा खटाटोप. चोर काही मला अजून सापडला नाही. माणसं मात्र पोटभर पाहिली. कॅमेरा दिसला की भांडणारे आवाज खाली आणतात, पोरी केस नीट करतात आणि बाप्ये मिशीवरून हात फिरवतात. फार हसू यायचं मला. आता नाही येत.

माझ्यात पंधरा दिवसांचंच मावतं. जागा भरली की सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्याच्यावर नवं लिहायचं. मला विचारून होत नाही ते. डबा चालू आहे तोवर पुसणं चालू.

गेल्या चतुर्थीला मालनबाई जालन्याहून फुगे-खेळणी विकायला आल्या होत्या. बरोबर त्यांचा नवरा, कडूबा. म्हाताऱ्याला हल्ली काही आठवत नाही. बायकोलाच विचारतो, "बाई, तुमचं गाव कोणतं?" घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून मालनबाईंनी त्यांना शेजारी पोत्यावर बसवलं होतं. एका लेकराला शिट्टी वाजवून दाखवली, मागं वळल्या, तर पोतं रिकामं.

मी पाहिलं ना! भर दुपारी रिकाम्या क्रेटची एक पिकअप दुकानापुढं थांबली. ड्रायव्हर नारळ घ्यायला उतरला. कडूबा त्याला म्हणाले, "अजिंठ्याच्या घाटात सोड बाबा. खडी फोडायची हाय. मुकादम वाट पाहून राह्यला." तरुणपणी कधी केलं असेल ते काम. ड्रायव्हरनं हसून पुढं बसवलं आणि गाडी भोकरदनकडं गेली. गर्दीत सुग्रीवचं लक्ष नव्हतं. पण माझ्याकडं सगळं बराबर लिहिलेलं होतं.

नवरा घराकडंच गेला असेल असं धरून मालनबाई जालन्यात शोधत राहिल्या. बसस्टँड, सरकारी दवाखाना, मस्तगडचे पाव्हणे. पोलिसांत तक्रार दिली. कॅमेऱ्याची आठवण कुणाला तरी झाली ती पंधराव्या दिवशी. त्या सकाळीच धावत दुकानात आल्या.

मोतीबिंदूमुळं त्यांना पडद्यावरची माणसं ओळखू येईनात, आणि सुग्रीवनं कडूबांना कधी नीट पाहिलेलं नव्हतं. पुण्याला नोकरी करणारी त्यांची लेक प्रिया फोनवर म्हणाली, "आई, चारी कॅमेऱ्यांचा अख्खा दिवस मला पाठवा. मी एकेक माणूस बघते." डब्याचं पेन ड्राइव्ह लावायचं तोंड कधीचंच मोडलेलं. मग सुग्रीवनं नेटवाल्या कल्याणला बोलावलं. फायबरची लाइन त्यानंच टाकली होती.

"डिस्क शंभरनं वाचती, लाइन बी शंभरची," कल्याण म्हणाला. "बराबर जुळलं. अर्ध्या तासात पुण्याला जाईल. पण मधी कुणी बंद करू नका, न्हाईतर मंग पहिल्यापासून." सुरू करून दिलं आणि गेला दुसऱ्या कामाला.

अरे बाबा, माझं शंभर वेगळं आणि लाइनचं शंभर वेगळं! मी मोजते बाइटमध्ये, लाइन मोजते बिटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. शंभर वाट्या आणि शंभर पायल्या सारख्या धरल्या त्यानं. लाइनचं शंभर म्हणजे माझ्या मापानं जेमतेम साडेबारा. अर्ध्या तासाचं काम चार तासांवर गेलं. इकडं माझं पुसणं चालूच. चतुर्थीची सकाळ पुसून झाली, दुपार जवळ येऊ लागली, आणि दुकानापुढचा कॅमेरा पाठवायच्या रांगेत सगळ्यात शेवटी.

तेवढ्यात सुग्रीवनं डब्याला हात लावून पाहिला. "मावशी, लई तापला हो. घडीभर बंद करू का?"

बंद कर रे! जिवाच्या आकांतानं मी आतून ओरडत होते. बंद केला असता तर पुसणंही थांबलं असतं. मला काढून जालन्याच्या दुकानात नेता आलं असतं, तिथं माझ्यातलं सगळं उतरवून घेता आलं असतं.

मालनबाई डब्याच्या आडव्या आल्या. "न्हाई रे भाऊ! पोरीकडं जाऊन राह्यलं ते. पाया पडते तुझ्या, नको बंद करू."

सुग्रीवनं हात मागं घेतला आणि पंखा माझ्याकडं वळवला. मालनबाई चार तास तिथून उठल्या नाहीत, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

आणि मी पुसलं. पिकअप पुसली, क्रेट पुसले, कडूबांचं बोलणं पुसलं. त्याच्यावर लिहिलं काय, तर रिकामा रस्ता आणि आळस देणारं एक कुत्रं. आग लागो माझ्या जन्माला!

संध्याकाळी प्रियाचा फोन आला. "आई, पुढच्या कॅमेऱ्याचं दुपारनंतरचंच आलंय. बाबा न्हाईत त्याच्यात." मालनबाई डब्याकडं बघत राहिल्या. "अगं, पण मी तर जागची हलले बी न्हाई," एवढंच म्हणाल्या.

आठवडा झाला त्याला. तबकडीवरून गेलं, पण मला ते सगळं आठवतं, आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. कुणी तरी सांगा हो त्यांना, जालन्यात शोधू नका, भोकरदनच्या रस्त्यानं जा, घाटातल्या खडीच्या खाणींवर विचारा. म्हातारा माणूस आहे, तिथं किती दिवस काढील?

आज मालनबाई पुन्हा आल्या आहेत. कडूबांचा फोटो दुकानादुकानांत दाखवून झाला. आता त्या समोर रस्त्यावर उभ्या आहेत. भोकरदनची गाडी आली, त्या बाजूला सरकल्या, गाडी गेली. मागून जालन्याची आली. त्या चढल्या.