अस्तरवाला सूट

आमचा नवरा बोटींची बुडं घासतो. चारचौघांत तो "सागरी देखभाल" वगैरे सांगतो, पण काम तेच: धक्क्याला लागलेल्या बोटीखाली बुडी मारायची आणि तळाला चिकटलेले शिंपले न् शेवाळ घासायच्या यंत्राने खरवडून काढायचं. मी वर दोर धरून बसते. खरं तर बुडी मारायला आम्ही दोघं बरोबरच शिकलो. मग लेक झाली, कुणीतरी वर थांबायला हवं म्हणून मी थांबले. लेक आता परगावी नोकरीला आहे आणि मी अजून वरच.

या हिवाळ्यात हा काम अर्धवट टाकून वर यायला लागला. "काय रे, झालं?" विचारलं की म्हणायचा, "चहा दे." बोटवाले कुरकुरू लागले, एकाने तर सरळ दुसरा माणूस बघितला. आमचं पोट हिवाळ्यावर चालतं, कारण बोटी तेव्हाच उभ्या असतात. मी म्हटलं, याला थंडी बाधतेय, दुसरं काय असणार? याचा पाण्यात घालायचा रबरी वेटसूट म्हणजे गुडघ्याला ठिगळ, बगलेत ठिगळ, आणि बसायच्या जागी तर ठिगळावर ठिगळ. रोज सकाळी त्यात याला कोंबायचा म्हणजे युद्धच. मी मागून ओढते, हा पुढून शिव्या घालतो, आणि शेजारच्या बोटीवरचा म्हातारा खलाशी फुकट करमणूक करून घेतो.

शेवटी मी याला ओढत दुकानात नेलं. दुकानातल्या बाईंनी दोन सूट समोर ठेवले. एक साधा. दुसऱ्याला आतून अस्तर, मांजराच्या पोटासारखं मऊ. किंमत मात्र दुप्पट. ती बघून नवरोबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"आत काय सोनं लावलंय?"

"अस्तर लवकर वाळतं, साहेब. चढवायला सोपं आणि ऊब टिकते."

"उबेची सोय आहे माझ्याकडे. फुकटातली."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी छताकडे. थंड पाण्यात उतरल्या उतरल्या हा माणूस सूटमध्ये काय करतो, ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनाही होतं.

"ती ऊब फार वेळ पुरत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि मग तो वास मारणारा सूट धुतं कोण?"

"मी!" मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

बाई भल्या. वापरून बघायला ठेवलेला एक अस्तरवाला सूट त्यांनी दोन दिवसांसाठी दिला, फुकटातली सोय त्यात करायची नाही या अटीवर. घरी आल्यावर कळलं की तो याच्या मांड्यांपाशीच अडतोय. पोटाची तर गोष्टच सोडा.

"मग तू घाल," हा म्हणाला. "मी जुना घालतो. सूट धुवायच्या टाकीत बर्फ भरू, दोघं बसू. तू आधी उठलीस तर अस्तराचं नाव काढायचं नाही."

"आणि तू उठलास तर?"

"मी कशाला उठतोय!"

मासळीच्या लिलावातून पेट्या भरून बर्फ आला. धक्क्यावरच्या त्या पत्र्याच्या टाकीत आम्ही समोरासमोर बसलो, आणि म्हातारा खलाशी स्टूल टाकून पंच झाला. खोटं कशाला बोलू, अंगाला ऊब होती. सूट लाख मोलाचा. पण पाय उघडे, तळवे बधिर, दात कडकडा वाजायला लागले. हा मात्र टाकीची कड धरून मजेत शीळ घालत होता! मी चिकाटी धरली, चिकाटीला शिव्या दिल्या आणि शेवटी "मेले, मेले!" करत बाहेर उडी मारली.

"बघ!" याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "दुप्पट पैशाचं अस्तर घालून तूच आधी उठलीस! माझी ठिगळं जिंकली!"

टाळ्या वाजवता वाजवता म्हातारा मधेच थांबला. टाकीतलं पाणी लाल होत होतं.

"अरे, हात बघ तुझा!"

याने हात वर केला. पत्र्याच्या कडेने तीन बोटं चांगली चिरली होती. हा त्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा. मी फडकं गुंडाळलं. दुसऱ्या हाताच्या बोटाला कडकडून चिमटा घेतला.

"लागतंय?"

"लागतंय की."

"खोटारड्या! साधा हललासुद्धा नाहीस."

मग हळूच म्हणाला, "वर्ष झालं. खाली गेलं की बोटं कळतच नाहीत. म्हणून तर वर येतो गं."

बोटीखाली डोळ्यांचा काही उपयोग नसतो. गढूळ अंधार असतो, सगळं हातानं चाचपून करायचं. शिंपला कुठला, पंख्याचं पातं कुठलं, ते बोटंच सांगतात. आणि हा वर्षभर तिथे अंदाजपंचे फिरत होता. माझं डोकंच फिरलं.

"मी वर दोर धरून बसायचे आणि तुला खाली हातच नव्हते? सांगायला काय झालं होतं, मेल्या? उद्या वर ओढला असता तर काय हाताला लागलं असतं माझ्या?" असं ओरडता ओरडताच मला रडू फुटलं.

"सांगितलं असतं तर तू उतरू दिलं नसतंस," तो म्हणाला.

डॉक्टरांनी फार घोळवलं नाही. थंडीने आणि घासायच्या यंत्राच्या थरथरीने बोटांच्या नसा गेल्या, कुठल्याही सुटाने त्या परत येणार नाहीत. आता थंड पाणी कायमचं बंद, भांडी घासायला गरम पाणी घ्यायचं. भांड्यांवरून काहीतरी वात्रट बोलेल म्हणून मी वाट बघितली. पण हा हात खिशात घालून पुढे चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी सूट परत करायला गेलो. बाईंनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"आता मला काय करायचाय," हा म्हणाला.

"मला करायचाय," मी म्हटलं. "माझ्या मापाचा दाखवा."

मी याला आधी काहीच बोलले नव्हते. आता हा भांडणार, मग मी भांडणार, आणि बाईंची करमणूक होणार, अशी माझी तयारी होती. पण हा बाजूला सरकला. बाईंनी टेप काढून माझं माप घेतलं, आत जाऊन दोन सूट आणले, एक साधा, एक अस्तरवाला, आणि समोर ठेवले.

"साधाही चालेल," मी म्हटलं. "बघू जमतंय का आधी."

याने अस्तरवाला उचलला. पट्टी बांधलेल्या हाताने आतून चाचपला, मग दुसऱ्या हाताने. कळेना. शेवटी बाही उलटी केली, डोळे मिटले आणि गालावर धरली.

"हाच द्या," तो बाईंना म्हणाला. "हिला थंडी लवकर वाजते."