पालिकेचे अस्वल

नगरपालिकेच्या सुरक्षा विभागाने जाहीर केले की, वरच्या वाडीतील नागुमो हात्सुए, वय शहाऐंशी, यांच्या अंगणात प्रौढ काळ्या अस्वलाच्या पावलांचे ठसे आढळले असून, त्या श्वापदाने ओसरीच्या वळचणीला वाळत टांगलेली पर्सिमनची फळे ओरबाडून नेली आहेत. सबब, बर्फ पडण्यापूर्वी त्यांना खालच्या गावातील वृद्धाश्रमात हलवणे त्यांच्याच हिताचे आहे.

पालिका ‘हित’ म्हणू लागली की माणसाने दाराची कडी तपासावी. वरच्या वाडीत आता हात्सुए आजी एकट्याच उरल्या आहेत. त्या गेल्या की घाटरस्त्यावरचा बर्फ उपसण्याचे पालिकेला कारण उरत नाही. निवेदनात हा मजकूर बहुधा जागेअभावी राहिला असावा.

अस्वलांच्या अभ्यासात माझी हयात गेली. आजींचा निरोप आला तसा मी वर गेलो. विभागप्रमुख मिनागावा संमतीपत्र घेऊन अंगणात उभेच होते.

“आजी, एक शिक्का उठवला की झालं. ते परत आलं म्हणजे?”

“येऊ दे की. बर्फ पडला की ते बिचारं गपगुमान झोपतं. झोपता तुम्हीही, पण अस्वल पगार घेत नाही.”

जीभ अशी तिखट. पण सहीच्या जागी उठवायचा नावाचा शिक्का मुठीत तयार होता. तीन दिवस त्या दारे लावून बसल्या होत्या. वाफ्यातला मुळा काढायला पाच पावले टाकण्याची हिंमत उरली नव्हती. एका म्हातारीला तिच्याच अंगणाचे भय घालणे, ही त्या विभागाची यंदाची एकमेव पूर्ण झालेली योजना.

मी चिखलात वाकलो. अस्वलाचे सर्वांत मोठे बोट पावलाच्या बाहेरच्या कडेला असते, माणसाच्या नेमके उलट. इथे ते आतल्या कडेला होते. शिवाय हे अस्वल फाटकापासून ओसरीपर्यंत दोन पायांवर चालत आले होते. पालिकेने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रात एकच ठसा का, तेही आता उमगले.

“मिनागावासाहेब, पुढचे पाय कुठं आहेत?”

“तिथला चिखल सुकला असेल, मास्तर.”

“नेमका पुढच्या पायांखालचाच?”

“विद्वानांना शंका येणारच. उद्या आजींचं बरंवाईट झालं तर उत्तर तुम्ही देणार का?”

उत्तर मी ओसरीच्या पायथ्याशी शोधले. येणारे ठसे घराकडे तोंड करून होते. शेवटची जोडी मात्र टाचा घराकडे, बोटे फाटकाकडे अशी, एकमेकींना चिकटून, सुतात मांडल्यासारखी उमटली होती. पादत्राणे काढावीत, वाकून त्यांची तोंडे बाहेर वळवावीत, जुळवून ठेवावीत आणि मगच घरात पाऊल टाकावे, हे वळण आमच्याकडे मुलाला धड बोलता येण्याआधी लागते. अस्वलांना ते लावण्याचा प्रयत्न अद्याप कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

मी बोट दाखवले. आजी वाकल्या, निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं बाई! चांगल्या घरचं दिसतंय हो.”

मिनागावांची मान कानापर्यंत तांबडी झाली.

“तुम्ही इथं पादत्राणं काढलीत,” मी म्हणालो, “वर चढलात आणि फळं तोडलीत. पायात तशीच ठेवली असती, तर ही जोडी उमटलीच नसती.”

आजींनी शिक्का किमोनोच्या बाहीत टाकला आणि त्या मिनागावांकडे रोखून पाहत राहिल्या. मग मिनागावा जे बोलले, ते शब्दशः असे:

“खडावांच्या तळांना पंजे मीच कोरले. आजी गेल्या की रस्ता बंद करता येईल म्हणूनच कोरले, हेही कबूल. पण मास्तर, मी काही रानटी माणूस नाही. दुसऱ्याच्या ओसरीवर खडावा घालून कसा चढणार?”