सरूचा उजवा डोळा

सरूचा उजवा डोळा गेला तो पहिल्या बाळंतपणात. तिला जाड भिंगाचा चष्मा होता. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "कळा देताना जोर करायचा नाही, डोळ्याचा पडदा सुटेल. इथं आणा, भूल देऊन चिमट्यानं सोडवू." पण सासू धोंडाबाईने गाडी जुंपू दिली नाही. परंदवडीच्या घरात दोन दिवस ती सुनेच्या उशाशी बसून ओरडत राहिली, "जोर दे!" मूल जगलं. डोळ्यापुढं काळं आलं ते आलंच. वर धोंडाबाईने गावभर केलं, "हिच्या आईचं पाप हाय, हिच्या डोळ्यात उतरलं."

सहा वर्षं सरूने ते ऐकलं.

मग धोंडाबाईची लेक रतन पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. चष्मा तिलाही जाडच. सातव्या महिन्यात तिच्या डोळ्यांपुढं ठिणग्या उडू लागल्या.

धोंडाबाईने सरूला परसात गाठलं. "रतनला तळेगावला घिऊन जा. तुजा डोळा गेला तवा त्या बाईनं मला दारातनं हाकललीवती, मी कुटल्या तोंडानं जाऊ?"

"नेते की. पण परवा डोहाळजेवणाला बाया जमतील, त्यांच्यापुढं खरं सांगा. माजा डोळा कुणी घालवला ते."

"सासूला वाकवतीस व्हय गं?"

"व्हय."

डोहाळजेवणाला घर बायांनी भरलं. रतन हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. धोंडाबाई बायांना पानसुपारी देत फिरत राहिली, कबुलीचं नाव काढेना. सरूने हातातलं कुंकू खाली ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली. ओटी भरेना.

शेवटी रतनच रडवेली होऊन म्हणाली, "आये, माज्या डोळ्यापरीस तुजं त्वांड मोठं हाय का?"

धोंडाबाई खाली बघून पुटपुटली, "गाडी मीच आडवली. डॉक्टरणीचं ऐकलं न्हाई. पाप माजं."

"मोठ्यानं, आत्याबाई," सरू म्हणाली. "मागच्या बायांना ऐकू आलं न्हाई."

धोंडाबाईला पुन्हा सांगावं लागलं. सरूने एकेकीचं तोंड नीट पाहून घेतलं. कितीतरी वर्षांनी तिला पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी ती रतनला घेऊन निघाली. दिवस भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन चिमट्याने मुलगी सोडवली. रतनचे दोन्ही डोळे शाबूत राहिले.

घरी आल्यावर धोंडाबाई नातीला मांडीवर घेऊन म्हणाली, "सरू, आता तरी मनातलं काडून टाक."

"न्हाई," सरू म्हणाली आणि बाळंतिणीचं पाणी तापवायला गेली.